होल्याच्या खांबावर स्पीकर

जावा बेटावरच्या आमच्या सोलो शहरात कुणाला एखादी गोष्ट आवडली नाही, तर तो तिच्या शेजारच्या गोष्टीची स्तुती करतो. आमटी बिघडली असेल तर वाडग्यावरची नक्षी सुंदर असते. लग्नातली नवरी कुणाला पसंत नसेल तर मांडवातली फुलं फार ताजी असतात. मी पस्तीस वर्षं पाणीपुरवठा कार्यालयाच्या आवक-जावक विभागात काढली. साहेब माझं टिपण वाचून 'अक्षर सुरेख आहे हं' असं म्हणाले, की मी निमूटपणे ते टिपण परत लिहायला घ्यायचो. सांगायचा मुद्दा हा, की ही रीत मला कळत नव्हती असं कुणी म्हणू नये.

आणि तरीही, चाळीस वर्षांपूर्वी, माझ्या बायकोने रेडिओ केंद्रावर गायलेलं गाणं कॅसेटवर पहिल्यांदा ऐकून झाल्यावर मी तिला म्हणालो, "मशीन किती स्वच्छ वाजतंय."

त्यानंतर रुस्मिनी गायली नाही.

भांडली नाही, रडली नाही, रुसून माहेरी गेली नाही. गेली असती तर चार दिवसांत समजूत घालून आणली असती. तिने कॅसेट बिस्किटांच्या डब्यात बटणं आणि रिळांखाली ठेवली आणि विषय संपवला. क्रोंचोंगच्या, म्हणजे आमच्याकडच्या जुन्या तंतुवाद्यांच्या गाण्यांच्या, वाद्यवृंदातली माणसं दोनदा बोलवायला आली, तेव्हा 'हल्ली घसा साथ देत नाही' असं सांगून तिने त्यांना सोयाबीनचं तळलेलं तेंपे खायला घातलं. घसा उत्तम होता. त्या घशाने ती पुढची चाळीस वर्षं मला गल्लीच्या दुसऱ्या टोकावरून हाका मारत आली आहे.

माझ्या बाजूने सांगण्यासारखं एवढंच आहे, की मी तेव्हा आडून काही सुचवत नव्हतो. मी खरोखरच मशीनबद्दल बोलत होतो. तीन महिन्यांचा पगार घालून घेतलेलं मशीन होतं ते. त्याची काच पुसताना मी श्वास रोखून धरायचो. गाणं चालू असताना मी डोळे मिटून कुठे खरखर येते का ते ऐकत बसलो होतो, आणि खरखर आली नाही म्हणून मला धन्य वाटलं. हे मी रुस्मिनीला नंतर कितीदा तरी सांगायचं ठरवलं. पण 'तू गात होतीस ते मी ऐकलंच नाही' हे वाक्य 'तू वाईट गायलीस' यापेक्षा बरं आहे, असं मला आजवर पटवून घेता आलेलं नाही.

गेल्या पावसाळ्यानंतर कानाच्या डॉक्टरीण बाईंनी तिचे कान तपासले आणि सांगितलं, की डावा जास्त बिघडलाय; बोलणं ऐकू येत राहील, पण बारीक सूर वर्षभरात दोन्ही कानांतून हळूहळू जातील. घरी येताना रुस्मिनी रिक्षात म्हणाली, "बरं झालं, शेजारच्यांच्या कोंबड्याचा त्रास कमी होईल." मी हसलो. मग मला काही केल्या हसू येईना. ते सूर जाण्याआधी तिने तिचा स्वतःचा आवाज एकदा नीट ऐकायला हवा, असं मी मनाशी ठरवलं. घरात गाणं वाजवायला उरला होता तो मोबाइल, आणि मोबाइलवर तर माझी सख्खी बहीणही माशीसारखी बोलते. तेव्हा स्पीकर घ्यायचे. छोटे, घरगुती, फळीवर मावणारे, पण चांगले.

स्पीकर चांगला कशावरून ओळखायचा, हे मला ठाऊक नव्हतं. पस्तीस वर्षांच्या नोकरीत मी एकदाही चांगलं-वाईट ठरवलेलं नव्हतं. मी फक्त आलेल्या कागदावर शिक्का मारत होतो.

जुन्या बाजाराच्या कोपऱ्यावर को हान यांचं दुकान आहे. माझ्याच वयाचे, गंजीफ्रॉकवर बसणारे गृहस्थ. त्यांनी माझ्यापुढे दोन संच ठेवले. एक लाकडी पेटीचा, जुना, एका बंद पडलेल्या रेडिओ केंद्रातून आलेला. पुढच्या जाळीचं कापड विटलेलं, एका कोपऱ्याला टवका. दुसरा कोरा करकरीत, काळा, चकचकीत, वाजायला लागला की आतून निळे-जांभळे दिवे लावणारा. किंमत जवळजवळ सारखीच.

"जुन्याची एवढी किंमत?" मी विचारलं.

"जुना आहे म्हणून कमी सांगितली."

"मग दोन्हींत चांगला कुठला?"

"मला विचारू नका, पाक प्रावोतो. मी दोन्ही विकतो," को हान माझ्या नावाला आदराचं 'पाक' लावून म्हणाले. "घरी न्या. कॅसेट वाजवायचं यंत्र आणि आवाज मोठा करायची पेटी वर देतो. तुमच्या खोलीत, तुमच्या कानांनी ऐका. पुढच्या शुक्रवारी संध्याकाळी पाचपर्यंत एक संच परत आणा. पाच वाजून गेले, की दोन्ही तुमचे आणि दोन्हींचे पैसे माझे."

दोन संच, चार डबे, एक सायकलरिक्षा. गल्लीत शिरेपर्यंत निम्म्या घरांना कळलं आणि दारात उतरेपर्यंत उरलेल्यांना.

पहिले आले समोरचे पाक कास्मिन. हे लग्नाकार्यांना स्पीकर भाड्याने देतात. त्यांच्या अंगणात कपाटाएवढे बारा स्पीकर उभे आहेत. मागच्या वर्षी एका बारशात त्यांनी शेजारच्या घराची कौलं हलवली होती आणि त्याचा व्हिडिओ ते अजून दाखवतात. माझे स्पीकर त्यांनी एकेक करून तळहातावर तोलले.

"आईबाप कुठे आहेत यांचे?" त्यांनी विचारलं.

"कसले आईबाप?"

"नाही, म्हटलं ही पोरं असतील. आईबाप मागून येत असतील." मग गंभीर होऊन म्हणाले, "हे बघा पाक प्रावोतो, आवाज कानाने ऐकायचा नसतो. इथे लागला पाहिजे." आणि माझ्या पोटावर, यकृताच्या जागी, त्यांनी बोट टोचलं. "इथे काही हललं नाही, तर पैसे पाण्यात."

रुस्मिनीच्या गाण्याने माझ्या यकृताला काही करावं अशी माझी अपेक्षा नव्हती. तरी पण सल्ला मिळाल्यावर दोन दिवस मला जेवणानंतर तिथे काहीतरी हलल्यासारखं वाटत राहिलं.

शनिवारी मी रीतसर परीक्षा ठेवली. गल्लीतली सात-आठ माणसं बोलावली, गोड चहा केला, आधी एक संच, मग दुसरा. खरी कॅसेट अर्थातच नव्हती. ती डब्यात होती, डबा कपाटात, आणि कपाटाची किल्ली रुस्मिनीच्या कमरेला. आदल्या दिवशी मी विषय काढून पाहिला होता. आमच्याकडे बायका नवऱ्याला 'मास' म्हणतात; तिने मला विचारलं, "मास, धुवायला काही आहे का तुमचं?" म्हणजे विषय बंद. तेव्हा मोबाइलच्या रेडिओवर लागेल ते क्रोंचोंग वाजवून मी एकेकाचं तोंड बघत बसलो.

पहिला संच संपल्यावर सगळे म्हणाले, लाकूड फार छान आहे. दुसरा संपल्यावर सगळे म्हणाले, दिवे फार छान आहेत. एका बाईंनी चहाची तारीफ केली, ती नक्की कुठल्या संचाविरुद्ध होती ते मला अजून उलगडलेलं नाही. मी वहीत 'लाकूड' आणि 'दिवे' असे दोन रकाने आखून बसलो होतो. आवाजाचा रकाना कोरा राहिला.

"तुम्हाला खरं ऐकायचंय ना?" जाताना पाक कास्मिन म्हणाले. "मग म्बाह सस्त्रोंना विचारा. त्या म्हाताऱ्याला दुसरं काही बोलताच येत नाही."

म्बाह सस्त्रो, म्हणजे सस्त्रोआजोबा, हे होला पक्ष्यांच्या गाण्याच्या स्पर्धेतले जुने परीक्षक. पिंजरे सात मीटर उंच खांबांवर चढवलेले, खाली परीक्षक मान वर करून उभे, आणि प्रत्येक पक्ष्याच्या आवाजाला खांबाशी गुणांची झेंडी. पन्नास वर्षं त्यांनी हेच केलं. होल्याला वाईट वाटत नाही, त्यामुळे खरं बोलायची त्यांना सवय लागली, आणि ती सवय माणसांतही सुटेना. एका लग्नात जेवण कसं झालं असं यजमानांनी विचारलं आणि यांनी सांगितलं. तेव्हापासून त्यांना गल्लीत कुणी लग्नाला बोलवत नाही.

"आणतो ऐकायला," असं मी म्हटलं तर ते म्हणाले, "घरात नाही. भिंती मध्ये बोलतात. रविवारी सकाळी मैदानात आण. खांबावर चढव, खालून ऐकेन."

"म्बाह, तो स्पीकर आहे."

"तुझ्याकडे पंख असलेला आहे का? नाही ना? मग असेल तो चढव."

आता सुज्ञ माणसाने इथेच थांबायला हवं होतं. पण माझी वही कोरी होती. रविवारी सकाळी मी मैदानावर गेलो. लांबलचक वायर पाक कास्मिननी दिली आणि ती मिरवत स्वतःही आले. आजूबाजूच्या खांबांवर आठ-दहा होले आधीच घुमत होते. आधी आम्ही दिव्यांचा स्पीकर फडक्यात बांधून दोरीने वर ओढला आणि मोबाइलवरून क्रोंचोंग लावलं. म्बाह सस्त्रो हात मागे बांधून, मान वर करून पाच मिनिटं उभे राहिले.

"सुरुवात धसमुसळी. मधे चिखल. शेवट नाहीच, सूर संपायच्या आत कापतो," ते म्हणाले आणि खांबाशी सगळ्यांत छोटी झेंडी रोवली. "वर दिवे कशाला लावलेत? लाज झाकायला?"

इतकं स्पष्ट बोलणं मी आयुष्यात ऐकलं नव्हतं. वहीत पहिल्यांदा काहीतरी लिहिता आलं. मग लाकडी स्पीकर वर गेला. मी मोबाइलची वायर जोडली, गाणं शोधायला लागलो, आणि तेवढ्यात मोबाइल वाजला. घाईत माझं बोट कुठे पडलं कोण जाणे. सात मीटर उंचीवरून, अख्ख्या मैदानावर, स्वच्छ, खणखणीत, माझ्या बायकोचा आवाज आला.

"मास, कुठे आहात? तुमचं मूळव्याधीचं मलम संपलंय. येताना आणा. मोठी ट्यूब आणा, छोटी तुम्हाला चार दिवससुद्धा पुरत नाही."

होले गप्प झाले. पाक कास्मिन खाली बसले. मी मोबाइल बंद करायला गेलो, तर तो हातातून निसटून गवतात पडला, आणि वरून पुन्हा आवाज आला, "ऐकताय ना? आणि बसताना काळजी घ्या."

या प्रसंगानंतर माझी प्रतिष्ठा आणखी खाली जाणं शक्य नव्हतं असं वाटेल. तसं नव्हतं. मैदानाच्या कडेने आमचे गल्लीप्रमुख पाक विग्न्यो सायकलवरून चालले होते. महापौरपदाची निवडणूक बुधवारी होती आणि या रविवारपासूनच प्रचारबंदी लागली होती. त्यांना खांबावर कर्णा दिसला, खाली जमलेली माणसं दिसली आणि मोफत औषधाबद्दल काहीतरी ऐकू आलं.

"कुणाच्या बाजूने आहे हे?" त्यांनी सायकल स्टँडला लावून विचारलं.

"कुणाच्याच नाही, पाक. घरगुती स्पीकर आहे."

"घरगुती स्पीकर घरात असतो." ते बोलतात फार मऊ. "तुमच्यावर माझा अविश्वास नाही. पण कुणी वर कळवलं तर मला उत्तर द्यावं लागेल. हा एक डबा मतदान होईस्तोवर माझ्याकडे राहू दे, आणि तुम्ही खुलासा द्या. महसुली तिकीट लावून, दोन साक्षीदारांच्या सह्या घेऊन."

आयुष्यभर लोकांचे खुलासे आवक केले, आता स्वतःचा जावक करायची वेळ आली. मी लिहिलं, 'सदर मलम हे कोणत्याही उमेदवाराचे आश्वासन नसून ती निम्नस्वाक्षरीकाराची वैयक्तिक गरज आहे.' पाक कास्मिननी सही केली. म्बाह सस्त्रोंनी आधी वाचलं. 'आवाज सौम्य होता' या ओळीवर ते अडले. "सौम्य नव्हता. शंभर पावलांवर शब्दन् शब्द कळत होता," असं म्हणून त्यांनी ती ओळ खोडली आणि समासात तसं लिहून खाली सही ठोकली. पाक विग्न्योंनी तो कागद वाचला, बराच वेळ लावून त्याची घडी केली आणि म्हणाले, "तिकीट अगदी सरळ लावलंय हं." मी घरी येऊन नवीन खुलासा लिहायला बसलो.

तर डबा गेला. शुक्रवार जवळ येत चालला. एक संच लंगडा, दुसऱ्याला चिखलाची झेंडी, आणि रुस्मिनी माझ्याशी बोलत नव्हती. तिच्या आवाजात तिच्या नवऱ्याची मूळव्याध अख्ख्या वस्तीला कळली, यात माझा अपमान जास्त की तिचा, यावर आमच्यात मतभेद होते आणि ते आम्ही न बोलता व्यक्त करत होतो.

बुधवारी मतदान करून आम्ही शाळेतून बाहेर पडलो, बोटं अजून शाईत भिजलेली. फाटकाशी म्बाह सस्त्रो उभे होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलंही नाही.

"त्या दिवशी बोलली ती तू का?" त्यांनी रुस्मिनीला विचारलं.

ती लाजेने लाल झाली. "माफ करा, म्बाह. मला माहीत नव्हतं वर..."

"सुरुवात मोकळी. मधला आवाज पाणीदार. शेवट लांब, आणि सावकाश खाली उतरतो. मी मोठी झेंडी रोवली होती, तुझ्या नवऱ्याने सांगितलं नाही?"

मी सांगितलं नव्हतं. खांबाकडे परत बघायची माझी छाती झाली नव्हती.

"झेंडी स्पीकरची असेल," रुस्मिनी हळूच म्हणाली.

"स्पीकरने काय केलं? तो मधे आला नाही, एवढीच त्याची लायकी. आवाज तुझा होता. पन्नास वर्षांत मी मोठी झेंडी नऊ वेळा रोवली आहे, आणि त्यांतली एकही मलमासाठी नाही. गात होतीस का कधी?"

तिने रिक्षाला हात केला. रिक्षात ती माझ्या डाव्या बाजूला बसली, म्हणजे चांगला कान माझ्याकडे करून, आणि तरीही घर येईपर्यंत एक अक्षर बोलली नाही.

शुक्रवारी दुपारी पाक विग्न्योंनी डबा स्वतः आणून दिला. दोन घोट चहा घेतला, दोरीची गाठ पक्की बांधल्याबद्दल माझं कौतुक केलं आणि गेले. साडेतीन वाजले होते. मी घाईघाईने दोन्ही संचांच्या वायरी जोडल्या, वही उघडली, सुरुवात, मधला, शेवट असे तीन रकाने आखले, आणि रेडिओवर क्रोंचोंग शोधायला लागलो. एवढ्यात माझ्या हातातली वही कुणीतरी काढून घेतली.

रुस्मिनी समोर उभी होती. तिच्या हातात कॅसेट होती, आणि कॅसेटला शिवणाच्या दोऱ्याचा एक गुलाबी धागा चिकटला होता.

"आता यंत्र ऐकू नका," ती म्हणाली. "या वेळी तरी मला ऐका."

म्हणजे तिला माहीत होतं. मी वाईट म्हटलं नव्हतं, मी ऐकलंच नव्हतं, हे तिला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. जे वाक्य चाळीस वर्षं मी तिच्यापासून लपवून ठेवलं, तेच ती माझ्या आधीपासून सांभाळत होती.

तिने स्वतः कॅसेट लावली आणि खाली चटईवर बसली, उजवा कान पुढे करून. आधी नुसती खसखस, मग तंतुवाद्यांची किणकिण, मग एक छोटा श्वास, आणि मग ती. बावीस वर्षांची. मला ती मुलगी आठवली. रेडिओ केंद्राच्या पायऱ्यांवर मी सायकल धरून उभा असायचो आणि ती हिरव्या कबाया पोलक्यात, चपला हातात घेऊन, पायऱ्या चुकवत खाली यायची. त्या काळात आमच्याकडे काहीच नव्हतं, आणि मी त्यातलंही निम्मं मशीनवर उधळलं होतं. गाण्यात नदी होती, नावाडी होता, उशीर झालेला होता. मी पहिल्या कडव्यात रडायला लागलो आणि ते पुसायचं भान मला राहिलं नाही.

गाणं संपलं. कॅसेट फिरत राहिली.

"कसं वाटलं?" रुस्मिनीने विचारलं.

खोलीत स्तुती करण्यासारखं पुष्कळ होतं. लाकूड होतं, चटई होती, खिडकीतलं ऊन होतं. माझ्या तोंडाशी सगळं येऊन गेलं.

"तिसऱ्या ओळीत तुझा श्वास संपला," मी म्हणालो. "नावाड्याला हाक मारतेस ना, तिथे. शेवटचा शब्द तू गिळलास. बाकी... बाकी मी असं कधी काही ऐकलेलं नाही, रुस्मी."

मला वाटलं, संपलं. चाळीस वर्षांपूर्वी एकदा घोटाळा केला, आज दुसऱ्यांदा.

"गिळलाच," ती म्हणाली. "केंद्रावरच्या साहेबांनाही कळलं नव्हतं. मला त्याच रात्री कळलं होतं. तुम्ही तेवढं म्हणाला असतात ना, मास, तर मी दुसऱ्या दिवशी जाऊन तो शब्द नीट बसवून आले असते. आणि तिसऱ्या दिवशीही गेले असते."

मी म्हणालो, "चुकलो." हा शब्द आमच्याकडे सहसा आडूनच म्हणतात. मी सरळ म्हणालो.

ती उठून स्वयंपाकघरात गेली. भांड्यांचा आवाज झाला, नळ सुटला, बंद झाला. मग आतून तीच तिसरी ओळ आली, बासष्ट वर्षांच्या गळ्याने, जरा घोगरी, थांबत थांबत. हाकेच्या जागी ती मुद्दाम आधी थांबली, पुरता श्वास घेतला, आणि शेवटचा शब्द शेवटपर्यंत म्हटला. समोरच्या अंगणात पाक कास्मिनचा कुठला तरी कपाटाएवढा स्पीकर दणदणत होता. तो कुणीतरी बंद केला.

"पावणेपाच झाले," थोड्या वेळाने ती आतून म्हणाली. "दुकान बंद होईल, दोन्हींचे पैसे पडतील. कुठला परत करताय?"

कुठल्या संचावर तिने कॅसेट लावली होती, ते मी पाहिलंच नव्हतं.

"पहिल्या ओळीपासून म्हण," मी म्हटलं.